रविवारचा हिशेब : जर्मनीतलं पहिलं सत्र

रविवार, ऑक्टोबरअखेर

आज पहाटे तीनला घड्याळं एक तास मागे गेली. भारताशी साडेतीन तासांचं अंतर होतं, ते आता मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तासांचं राहील. तासाभराचाच फरक, पण घरच्या फोनचं सगळं गणित त्याने बदलतं. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे रात्रीचे साडेअकरा, आणि आई-बाबा फोनसाठी जागत बसतात. त्यापेक्षा दुपारी दोन-तीनच्या सुमारास, दोन तासिकांमधल्या मोकळ्या वेळात बोलावं. तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असते. दहा मिनिटं पुरतात. वेळ ठरलेली असली की दोन्हीकडचा जीव भांड्यात पडतो.

दुकानं बंद, खालच्या मजल्यावर शांतता. आठवड्याचा हिशेब मांडायला रविवारसारखा वार नाही.

इथे सगळ्यात जड काय जात असेल, तर कुणी विचारत नाही हे. बहुतेक व्याख्यानांना हजेरी नाही, टर्मवर्क नाही, सबमिशनसाठी मागे लागणारे सर नाहीत. कित्येक विषयांचे सगळे गुण फेब्रुवारीतल्या एकाच परीक्षेवर असतात. आपल्याकडे शेवटच्या पंधरवड्यात रात्री जागून पेपर निघतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने मोकळे वाटतात. ते मोकळे नसतात, हे आकडे मांडले की लगेच कळतं.

एका क्रेडिटमागे साधारण ३० तासांचं काम धरलेलं असतं. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १८० तास. वेळापत्रकात त्याचे आठवड्याला चार 'तास' दिसतात, पण तो तास ४५ मिनिटांचा असतो. म्हणजे प्रत्यक्षात तीन तास. चौदा आठवड्यांचे झाले ४२. उरलेले १३८ तास आपले आपण करायचे. त्यातले ४० परीक्षेच्या आधीसाठी राखले, तरी ९८ उरतात, म्हणजे एका विषयाला दर आठवड्याला सात तास. पाच विषय घेतले तर ३५, आणि वर्गात बसण्याचे १५ वेगळे. हे दिसलं की पाचवा विषय पुढच्या सत्रावर ढकलायचा का, हा निर्णय ऑक्टोबरातच घेता येतो. जानेवारीत त्याला उशीर झालेला असतो.

नोकरी धरायची तर तीही याच हिशेबात बसवायला हवी. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. तासिका चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर गेलं, तर साधारणपणे विम्याच्या नियमांत विद्यार्थ्याची सवलत जाते. पण कायदा परवानगी देतो तेवढं सगळं काम पहिल्याच सत्रात घ्यावं असं मला वाटत नाही. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक खात्यातून महिन्याला ९९२ युरो येतात ते याचसाठी, की सुरुवातीचे महिने अभ्यासाची आणि भाषेची घडी बसवता यावी.

परीक्षेची नोंदणी हा दुसरा फास. विषयाच्या तासांना बसलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं होत नाही. बहुतेक विद्यापीठांत पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ती मुदत परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. नाव काढून घ्यायचीही मुदत असते. ती टळली आणि परीक्षेला गेलं नाही, तर निकालात ५.० लागतो. १.० सगळ्यात वरचा, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. प्रयत्नही मोजके असतात, बऱ्याच ठिकाणी तीन. अनिवार्य विषयात शेवटचा प्रयत्न गेला तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा करता येत नाही. आजारी पडलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडून कागद घेऊन परीक्षा कार्यालयात पोचवावा. नंतर सांगून कुणी ऐकत नाही. हे सगळं अभ्यासक्रमाच्या परीक्षा-नियमावलीत छापलेलं असतं. भाषा रुक्ष आहे, पण पहिल्या महिन्यात ती एकदा पूर्ण वाचावीच. सीनियर सांगतात ते कधी कधी जुन्या नियमावलीतलं असतं.

खोलीचंही थोडं लिहायला हवं. थंडी पडली की आपण खिडकी बंद ठेवतो किंवा वरून जराशी कलती उघडी ठेवतो, आणि हीटर चालू. दोन्ही वाईट. आंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे यांची वाफ खोलीतच राहते आणि थंड भिंतीवर जाऊन पाण्यात बदलते. कलत्या खिडकीने हवा फारशी बदलत नाही, उलट खिडकीभोवतीची भिंत आणखी गार होते, आणि काळी बुरशी नेमकी तिथूनच सुरू होते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडावी, पाच ते दहा मिनिटांनी लावावी आणि मग हीटर पुन्हा चालू करावा. दार समोरासमोर असेल तर तेही उघडावं. हीटरच्या बटणावरचा ३ म्हणजे सुमारे २० अंश; ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मागून हवा खेळू द्यावी. बुरशी धरली तर घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होतो.

टपालपेटी रोज उघडायची. तिच्यावर आपलं आडनाव चिकटवलेलं नसेल, तर पत्रं परत जातात. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सगळं याच पेटीत येतं. पत्र आलं की आधी तारीख आणि मुदत बघावी, लगेच रोजनिशीत टिपावी, मग पत्र फाइलला लावावं. जर्मन कळत नाही म्हणून बाजूला ठेवलेलं पत्र पुढच्या वेळी दंडासह येतं. पुढच्या सत्राचं शुल्क भरून नाव चालू ठेवायची मुदतही अशीच गुपचूप येते, आणि ती चुकली तर नावच पटावरून कमी होऊ शकतं. राहण्याच्या परवान्याचा अर्ज मात्र परवाना संपण्याआधी गेलाच पाहिजे. वेळेत गेला तर निकाल लागेपर्यंत जुना हक्क चालू राहतो. कार्यालयात भेटीची वेळ मिळायला महिने लागू शकतात, म्हणून तीन महिने आधीची तारीख वहीत घालून ठेवलेली बरी.

आता अंधार वाढेल. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो, आणि मन उदास व्हायला वेगळं कारण लागत नाही. अशा वेळी आपली मराठी मंडळी आधार देतात, त्यांना धरून राहावंच. पण सगळा आठवडा त्यांच्यातच गेला तर जर्मन जिथल्या तिथे राहतं. विद्यापीठाच्या क्रीडावर्गात एखादा ठरलेला वार घ्यावा. माणसं ओळखीची होतात आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही. त्या वर्गांच्या जागा सत्राच्या सुरुवातीलाच भरतात, म्हणून पुढच्या सत्राची, एप्रिलची तारीख आत्ताच टिपून ठेवावी. झोप उडाली, तासांना जाणं सुटलं, फोन घेणं नको वाटू लागलं, तर श्टुडिएरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, समुपदेशकाकडे वेळ मागावी. तिथे सांगितलेलं बाहेर जात नाही, आणि बहुतेक ठिकाणी पैसेही पडत नाहीत.

'मला हे कळलं नाही' हे वाक्य इथे शिकण्यासारखं आहे. तासानंतर, प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत, गटातल्या जोडीदाराला, सगळीकडे ते बिनधास्त म्हणता येतं; त्याने कुणी आपल्याला कमी लेखत नाही. फक्त 'चॅप्टर तीन कळला नाही' असं मोघम नको. 'इथपर्यंत सोडवलं, या पायरीला अडलं' असं दाखवलं की समोरचा माणूस मनापासून वेळ देतो. ईमेल लिहिताना विषयाचं नाव आणि आपला विद्यार्थी क्रमांक पहिल्याच ओळींत असावा.

म्हणून रविवारच्या पानावर तीन रकाने. पहिल्यात येत्या तीन आठवड्यांतल्या मुदती. दुसऱ्यात विषयवार झालेले तास. सातच्या जागी तीन झाले असतील तर तीनच लिहायचे. तिसऱ्यात या आठवड्यात जर्मन जिथे अडलं ते वाक्य, मग ते काउंटरवरचं असो, दवाखान्यातलं असो की जिन्यात शेजाऱ्याशी बोलतानाचं. टँडेमचा, म्हणजे एकमेकांना आपापली भाषा शिकवण्याचा, जोडीदार भेटला की आधी तेच दुरुस्त करून घ्यायचं, दोनदा मोठ्याने म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात कुठेतरी मुद्दाम वापरायचं.