खाऱ्या पाण्यातला मासा आला कुठून?

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांचीही कॉन्फरन्स भरते आणि तिथे सगळ्यात जास्त बोललं जातं ते समुद्र कसा टिकेल यावर, हे बडोद्याला आल्यापासून मी इतक्या जणांना सांगितलंय की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. मी फ्लोरिडातल्या टॅम्पाला, माझ्या तिथल्या घरी, खाऱ्या पाण्याचा टँक ठेवते हे दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सगळ्यांना माहितीये. आता भाच्यालाही तसाच टँक हवाय, तेव्हा रोज संध्याकाळी सेव-उसळ खाता खाता त्याचा एकच धोशा चाललेला असतो, आत्या तू सांग ना तिथे काय काय बघितलंस. तर हे त्याच्यासाठी, आणि बडोद्यात, इंदूरला, पुण्याला जे कुणी खाऱ्या पाण्याच्या नादाला लागलेत त्या सगळ्यांसाठी.

कॉन्फरन्स फ्लोरिडातच, एका मोठ्या हॉटेलात होती. खाली हॉलमध्ये स्टॉल, म्हणजे लाइट, पंप, सॉल्ट मिक्स, पाण्यातली घाण काढणारे प्रोटीन स्किमर, आणि निळ्या प्रकाशात चमकणारे प्रवाळाचे तुकडे, ज्यांना सगळे फ्रॅग म्हणतात. गर्दी तिथे असणारच. पण वरच्या खोल्यांमध्ये भाषणं चालली होती तिथेही उभं राहायला जागा नव्हती हे बघून मला फार बरं वाटलं. शेजारी एक दातांचे डॉक्टर, पुढे एक ट्रक चालवणारे काका, मागे शाळेतली दोन पोरं वहीत लिहून घेतायत आणि समोर युनिव्हर्सिटीतले शास्त्रज्ञ, आणि प्रश्न सगळ्यात अवघड विचारले ते त्या ट्रकवाल्या काकांनी, कारण त्यांनी घरच्या गॅरेजमध्ये अनेक जातींची पिल्लं वाढवलीत.

आता मुद्द्याचं. आपल्या दुकानात जे गोड्या पाण्यातले मासे असतात, गप्पी, मॉली, एंजल, ते बहुतेक फार्मवर जन्मलेले असतात. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. तिथले बहुतेक मासे अजूनही खऱ्या समुद्रातून, खऱ्या रीफवरून, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवरून, पकडून आणलेले असतात, इंडोनेशिया, फिलिपिन्स वगैरे ठिकाणाहून. आणि पकडायचे कसे, तर चांगला कोळी जाळ्यानं सावकाश पकडतो, पण १९६०च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये सायनाइडची पद्धत सुरू झाली, बाटलीत विष भरून प्रवाळाच्या कपारीत मारायचं, मासा गुंगतो, हातानं उचलायचा. ज्या प्रवाळावर ते विष पडतं ते मरतं. आणि तो मासा दुकानात अगदी ठणठणीत दिसतो, घरी आणल्यावर काही दिवसांनी विनाकारण मेल्यासारखा वाटतो. विनाकारण नसतं ते. इतक्या लोकांच्या घरी असं झालंय की त्या खोलीत हा विषय निघाल्यावर कुणी हललं नाही.

मला सगळ्यात जवळून बघायला मिळाला तो बांगाई कार्डिनल. छोटासा, चंदेरी अंगावर काळे पट्टे, पांढरे ठिपके, लांब पंख. हा मासा मुळात जगात एकाच ठिकाणचा, सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांचा. १९९०च्या दशकात हॉबीवाल्यांना तो सापडला आणि मग इतका पकडला गेला की २००७ मध्ये आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेनं त्याला धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत घातलं, आणि २०१६ मध्ये अमेरिकेनंही कायद्यानं त्याला संकटातली जात ठरवलं. तिथे एका टेबलावर काचेच्या टँकमध्ये एक नर होता. त्याच्या हनुवटीखाली फुगवटा होता, मी वाकून बघितलं तर त्यानं जरा तोंड उघडून आतलं सगळं फिरवलं आणि मला आत नारिंगी अंडी दिसली. मादी अंडी देते आणि नर ती तोंडात धरतो, जवळजवळ तीन आठवडे, आणि पिल्लं फुटल्यावरही आणखी काही दिवस ती तोंडातच, तोवर त्याचं खाणं बंद. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे, मागच्या बाईंनी शेवटी विचारलं की जरा सरकता का.

याच्यात एक गोष्ट आहे जी मला आधी नीट कळली नव्हती आणि तिथे ऐकल्यावर डोक्यातून जाईना. बहुतेक समुद्री माशांची पिल्लं अगदी बारीक असतानाच प्रवाहाबरोबर दूर वाहत जातात, त्यामुळे एखादी जागा रिकामी झाली तरी दुसरीकडून पिल्लं येऊन ती भरते. बांगाईची पिल्लं वाहत जात नाहीत, बापाच्या तोंडातून निघाली की तिथेच, काटेरी समुद्री अर्चिनच्या आसऱ्याला राहतात. म्हणजे एका खाडीतले सगळे बांगाई उचलले की ती खाडी भरायला दुसरं कुणी येत नाही. म्हणून हा मासा घ्यायचा तर टँकमध्ये जन्मलेलाच घ्या, असं तिथला प्रत्येक जण सांगत होता, आणि टँकमध्ये याची पैदास चांगली होते, घरीसुद्धा.

क्लाउनफिशचंही तसंच सोपं. जोडी दगडावर अंडी घालते, नर पंखानं वारा घालत राखण करतो, आठवड्याभरानंतर एखाद्या रात्री अंधारात पिल्लं फुटतात आणि त्यांना रोटिफर नावाचे बारीक जीव खायला घालायचे. अवघड आहेत ते टँग नावाचे मासे. यलो टँग आणि ब्लू टँग उघड्या पाण्यात अंडी सोडतात, ती टाचणीच्या टोकाहून बारीक, आणि त्यातून निघालेल्या पिल्लाचं तोंड इतकं लहान की रोटिफरसुद्धा त्यात मावत नाही. त्यांना लागतात कोपेपॉड नावाच्या जीवांची नुकती जन्मलेली पिल्लं. म्हणजे माशाचं पिल्लू वाढवायचं तर आधी त्याच्या खाण्याची पिल्लं वाढवायची, आणि त्या पिल्लांसाठी शेवाळ वाढवायचं! हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटला यलो टँग २०१५ मध्ये जमला, आणि ब्लू टँग २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या रस्किनच्या लॅबला, जी आमच्या टॅम्पाच्या दक्षिणेला आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, हवाईच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पर्यावरणाचा अभ्यास झाल्याशिवाय बारीक जाळ्यानं ॲक्वेरियमचे मासे पकडायला परवाने द्यायचे नाहीत. बाजारातले बहुतेक यलो टँग तिथूनच येत होते. तेव्हा ज्यांनी इतकी वर्षं रात्र रात्र जागून ती पिल्लं वाढवायचा प्रयत्न केला त्यांच्यामुळे आज निदान दुसरा रस्ता आहे.

प्रवाळावरच्या सत्रात मात्र मला खूप भरून आलं. फ्लोरिडाच्या रीफला २०१४ मध्ये मायामीजवळ एक रोग लागला, दगडी प्रवाळाचं मांस सोलून टाकणारा, आणि तो पसरत गेला, वीसहून जास्त जातींना. मग असं ठरलं की रोग पोचायच्या आधीच निरोगी प्रवाळ समुद्रातून उचलून ठेवायचे, आणि ते ठेवले कुठे, तर अमेरिकाभरच्या प्राणिसंग्रहालयांत आणि ॲक्वेरियममध्ये. प्रवाळ टँकमध्ये जगवायचं कसं, कॅल्शियम किती, अल्कलिनिटी किती, प्रवाह कसा, लाइट कुठला, तुकडा कसा कापायचा, यातलं कितीतरी ज्ञान हॉबीवाल्यांनी घरी हात खराब करून मिळवलेलं आहे. मोगऱ्याची फांदी लावावी तसा प्रवाळाचा तुकडा लावता येतो, हिऱ्याच्या ब्लेडच्या करवतीनं कापायचा, प्लगवर म्हणजे छोट्या बैठकीवर गोंदानं चिकटवायचा, काही महिन्यांत तो पसरतो.

पण नुसते तुकडे लावून सगळे एकाच आईचे जुळे होतात. रोग आला तर सगळे एकदम. म्हणून त्यांची अंडी हवीत, वेगवेगळ्या आईबापांची. टॅम्पाच्या फ्लोरिडा ॲक्वेरियमनं लंडनच्या हॉर्निमन म्युझियमच्या मदतीनं अपोलो बीचला एक खोली केली आहे, तिथे टँकच्या वर खोटा सूर्य उगवतो आणि मावळतो, खोटा चंद्र कलेकलेनं वाढतो आणि पाण्याचं तापमान फ्लोरिडाच्या ऋतूंप्रमाणे बदलतं. प्रवाळ समुद्रात ठरावीक ऋतूत, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्रीच अंडी सोडतात, तर त्यांना आत बसून कळायला हवं ना की कुठली रात्र आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पिलर कोरलनं अंडी सोडली, अटलांटिकमधल्या प्रवाळानं लॅबमध्ये अशी अंडी सोडल्याची ती पहिली वेळ. त्याचा व्हिडिओ दाखवला, लाल अंधारात खांबासारखं प्रवाळ आणि त्यातून धुरासारखं काहीतरी वर जातंय, आणि खोलीतून आधी एकजण मग सगळेच टाळ्या वाजवायला लागले. हे तेच पिलर कोरल जे फ्लोरिडाच्या समुद्रात आता जवळजवळ उरलेलंच नाही.

आणि लगेच पुढची स्लाइड २०२३ च्या उन्हाळ्याची. जुलैमध्ये फ्लोरिडाच्या मॅनाटी बे या उपसागरातल्या मोजणीच्या यंत्रावर पाणी ३८.४ अंशांवर गेलं होतं, समुद्राचं पाणी, विचार करा, बडोद्यात मे महिन्यात टाकीचं पाणी तापतं तसं. लोकांनी प्रवाळ वाढवायच्या समुद्रातल्या नर्सऱ्यांमधून प्रवाळ बादल्यांत भरून जमिनीवरच्या टँकमध्ये आणले, दिवसरात्र. तरीही २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न ही दोन्ही प्रवाळं फ्लोरिडाच्या रीफवर नावापुरतीच उरलीत, रीफ उभं करायचं त्यांचं काम आता ती करू शकत नाहीत. टँकमधले तुकडे आहेत म्हणून निदान बीज तरी आहे. मला तिथे पहिल्यांदाच जाणवलं की माझ्या घरच्या टँकचं पाणी मोजायला मी जे शिकले ते कुणाच्या तरी कामाचं आहे.

लायनफिशबद्दल थोडक्यात, कारण भाच्यानं विचारलं होतं. हा आपल्या हिंदी महासागराकडचा विषारी काट्यांचा मासा, फ्लोरिडात १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसला, बहुधा कुणीतरी टँकमधला सोडून दिलेला, आणि आता सगळ्या कॅरिबियनमध्ये तिथल्या बारीक माशांचा फडशा पाडतोय. मासा नकोसा झाला तर दुकानात परत द्या, दुसऱ्या हॉबीवाल्याला द्या, पण कधीही, कुठल्याही पाण्यात सोडू नका. सूरसागरातही नाही.

आता बडोद्याचं. भाचा आणि मी परवा कमाटी बागेत म्युझियम बघायला गेलो होतो, तिथला ब्लू व्हेलचा सांगाडा मी लहानपणी बाबांचा हात धरून बघितला होता तो अजून तिथेच आहे, आणि त्याच्याखाली उभं राहून भाचा म्हणाला, आत्या, आपल्याला समुद्र लांब आहे पण तसा फार लांब नाही. खरंय ते. कच्छच्या आखातात गुजरातचं मरीन नॅशनल पार्क आहे, १९८२ मध्ये जाहीर झालेलं, देशातलं पहिलं. मिठापूरला वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी २००८ पासून प्रवाळ पुन्हा उभं करायचं काम केलंय, कृत्रिम रीफ टाकलेत, आणि गुजरातच्या समुद्रातून कधीच नाहीसं झालेलं शाखाशाखांचं ॲक्रोपोरा लक्षद्वीपहून आणून लावून बघितलंय. आपण द्वारकेला सौराष्ट्र मेलनं जातो ना, तीच गाडी पुढे मिठापूरला जाते. किती लोक त्या गाडीतून उतरून दर्शन घेऊन परत येतात आणि पुढच्या काही मैलांवर काय चाललंय हे कुणी सांगत नाही.

कायद्याचंही लक्षात ठेवा, वाइल्डलाइफ ॲक्टखाली २००१ पासून आपल्याकडे दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे शेड्यूल एकमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. कुणी ओखाहून आणलेला प्रवाळाचा तुकडा शोसाठी विकत असेल तर घेऊ नका, तो मेलेला असला तरी. टँकमध्ये दगड हवा तर कृत्रिम रॉक मिळतो, त्यावर काही महिन्यांत जिवाणू बसतात आणि काम तेच करतात.

भाच्याला मी सांगितलं की सुरुवात क्लाउनफिशच्या जोडीनं कर, पण हॅचरीत जन्मलेल्या. आपल्याकडे सीएमएफआरआय या समुद्री माशांवरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या विळिंजम आणि मंडपमच्या केंद्रांनी त्यांची पैदास कधीच जमवली आहे, आणि लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर एनबीएफजीआर या माशांवरच्याच दुसऱ्या सरकारी संस्थेनं तिथल्या बायकांना शोभेच्या कोळंब्या घरच्या घरी वाढवायला शिकवलंय, हे ऐकून आमच्या वहिनी एकदम उठून बसल्या, म्हणाल्या, कोळंबी खायची नाही, वाढवायची? बडोद्यातला मुख्य त्रास गर्मीचा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना टँकचं पाणी पंचवीस-सव्वीसवर ठेवायचं तर चिलर लागणार किंवा त्या खोलीत एसी, आणि लाइट गेले तर एअर पंप तरी चालेल एवढा इन्व्हर्टर. पाणी आरओचं, नळाचं नाही. खारेपणा हजार भागांत पस्तीसच्या आसपास, आणि तो मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आधी घ्या, मासे नंतर.

काल आम्ही दुकानात गेलो. दुकानदार भाऊ चांगले आहेत, वर्षानुवर्षं ओळखीचे. भाच्यानं विचारलं, काका, हे क्लाउन समुद्रातून पकडलेले का हॅचरीचे? ते जरा थांबले, म्हणाले, बेटा, हे अजून कुणी विचारलं नव्हतं, मी सप्लायरला विचारून सांगतो, हॅचरीचे हवे असतील तर थोडे दिवस लागतील. भाचा म्हणाला, चालेल, थांबतो. तोवर टँक सायकल होतोय, म्हणजे मासे सोडायच्या आधी त्यात उपयोगी जिवाणू बसतायत, आणि भाचा रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहितोय.

डिसेंबरात आम्ही जामनगरजवळचं नरारा बेट बघायला जायचं ठरवतोय, ओहोटीला तिथे गुडघाभर पाण्यातून चालत जिवंत प्रवाळ बघता येतं, पफरफिश, ऑक्टोपस नशिबात असेल तर. वनखात्याची परवानगी लागते, जाड सोलचे बूट लागतात, आणि ओहोटीची वेळ आधी बघूनच गाडीची तिकिटं काढावी लागतात नाहीतर जाऊन नुसतं पाणी बघून यावं लागतं. बडोद्याहून कुणाला यायचं असेल तर दिवाळीनंतर कळवा, गाइड एकत्र करता येईल.