तुम्ही विचारलंत म्हणून: बँकवाल्यांना वेतन आयोग का नाही?

बँक सरकारी आहे, मग तुमचा पगार वेतन आयोग का ठरवत नाही, असे मला नातेवाइकांपासून खातेदारांपर्यंत अनेकजण विचारतात. याचे उत्तर राष्ट्रीयीकरणाच्याही आधीच्या काळात आहे.

२० एप्रिल १९४६ रोजी कलकत्त्यात अखिल भारतीय बँक कर्मचारी संघटना, आमच्या तोंडी एआयबीईए, स्थापन झाली, तेव्हा बँका खाजगी होत्या आणि पगार मालकाच्या मर्जीवर चाले. पगाराचा वाद लवादापुढे गेला. सेन लवादाचा १९५० चा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी रद्द केला, तोही पगाराच्या आकड्यांवरून नव्हे, तर सुनावणीच्या काही काळात सगळे सदस्य उपस्थित नव्हते म्हणून. मग १९५३ चा शास्त्री निवाडा आला, त्यावर अपील झाले, आणि १९५४ मध्ये अपिलातल्या निर्णयात सरकारने फेरफार केल्यावर कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. बँकेतल्या कारकुनाच्या पगारापायी केंद्रीय मंत्र्याने खुर्ची सोडावी, हे आज शाखेतल्या नव्या मुलांना सांगितले तर ती माझ्याकडे संशयाने पाहतात.

१९६२ च्या देसाई निवाड्यानंतर मात्र लवादाच्या पायऱ्या झिजवण्याऐवजी व्यवस्थापनांशी समोरासमोर बसण्याचा मार्ग निघाला आणि १९ ऑक्टोबर १९६६ रोजी पहिला द्विपक्षीय करार झाला. १९६९ मध्ये चौदा बँका सरकारच्या झाल्या, तरी कराराची ही रीत टिकली. तिच्या खुणा पगारपत्रकातही दिसतात: केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, आमचा फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये.

या पद्धतीचा जाचही आहे. चर्चेला समोर बँक व्यवस्थापनांची संघटना, इंडियन बँक्स असोसिएशन, बसते, पण सरकारी बँकांच्या बाबतीत शेवटचा होकार अर्थ मंत्रालयाचा असतो. त्यामुळे बैठकांवर बैठका होतात. १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या सतरा टक्के वाढीच्या बाराव्या करारावर सह्या झाल्या त्या ८ मार्च २०२४ रोजी. मधल्या काळात ‘एरियर्स कधी?’ याखेरीज जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसतो. तरीही वेतन आयोग हवा, असे मी म्हणणार नाही, कारण आयोगापुढे कर्मचाऱ्यांनी निवेदन द्यायचे असते, तर करारावर आमच्या संघटनांची सही लागते.