उत्तन ते चौक, पायी

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडून बहुतेक जण वेलंकनी मातेच्या तीर्थमंदिरापाशी उतरतात, समुद्रापुढे फोटो काढतात आणि परततात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, तिथून पाली गाव ओलांडून चौक गावापर्यंत चालत जा. अंतर फार नाही, पण ठाणे जिल्ह्यात समुद्राच्या इतक्या जवळून जाणारी वाट माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

ओहोटी लागलेली होती. वाळू थोडी, काळे खडक जास्त, आणि खडकांच्या खाचांत साचलेलं पाणी. पालीच्या किनाऱ्यावर होड्या कलंडलेल्या, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, क्रूस रंगवलेला. पुढे मोकळ्या जागेत बोंबलांच्या वलांडी, म्हणजे सुकवायच्या दोऱ्यांच्या रांगा, सुरू झाल्या आणि मी तिथेच रेंगाळलो.

बोंबील दोरीला बांधत नाहीत, हे मला तिथेच कळलं. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. बारीक दातच एकमेकांना धरून ठेवतात. एक कोळी मावशी बोलता बोलता हे करत होत्या, हाताकडे न बघता.

"मावशी, सुकायला किती दिवस?"

"ऊन कडक असलं तर तीन. पाऊस आला की सगळं गेलं."

अवकाळीच्या बातम्यांत आंबा-द्राक्षांचं नुकसान येतं, या दोऱ्यांचं क्वचितच. ते यायला हवं.

हे बोंबील येतात डोलीच्या जाळ्यातून. समुद्रात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखं जाळं बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आपसूक आत शिरते. म्हणून इथलं कामाचं गणित तारखेवर नाही, तिथीवर चालतं: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात, भांगाला, म्हणजे मधल्या कमी भरतीच्या दिवसांत, मंद. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा वलांडीही रिकाम्या.

चौकला चढ लागतो आणि वर धारावी किल्ल्याची जागा. मुंबईतली धारावी वेगळी. हा सगळा उत्तन-गोराई-मनोरीचा पट्टा पूर्वी धारावी बेट म्हणून ओळखला जायचा. किल्ल्याचे अवशेष थोडेच उरलेत, पण समोर वसईची खाडी पसरलेली दिसते आणि पलीकडे वसई. तिथे उभं राहिल्यावर पोर्तुगीजांकडून वसई घेण्याची १७३९ ची मराठ्यांची मोहीम चटकन उलगडते. खाडीचं तोंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात वसईची समुद्राकडची रसद. मराठ्यांनी आधी धारावी घेतली. वसई पडली ती त्याच वर्षी, मे महिन्यात, चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली. पुस्तकात वाचून हे मला कधी नीट समजलं नव्हतं.

जायचं तर दिवाळीनंतर, ओहोटीची वेळ बघून, खडकांवर न घसरणारे बूट घालून. वलांडीचे फोटो काढायच्या आधी विचारा, ते लोकांचं कामाचं अंगण आहे. आणि सुके बोंबील तिथल्या बायकांकडूनच घ्या.