सोलापूरचा फुफाटा आणि पिकअपचा एअर फिल्टर

नवी पिकअप घेतलेल्या माणसाला कोणीतरी हमखास सल्ला देते की, कंपनीचा कागदी फिल्टर काढून टाका आणि धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर बसवा. गाडीची ओढ वाढेल, ॲव्हरेज सुधारेल आणि दर वेळी नवा फिल्टर घेण्याचा खर्चही वाचेल. हा सल्ला कोणत्या गावात दिला जातो, यावर त्याची किंमत ठरते. पावसाळी, डांबरी रस्त्यांच्या प्रदेशात तो फार तर निरुपयोगी ठरेल. सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोट या बाजूंच्या पाणंदींतून माल भरून आणणाऱ्या गाडीला तो महागात पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी गाडी अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाची साधी पिकअप आहे. ती कांदा आणि डाळिंब घेऊन मार्केट यार्डात येते आणि परत जाताना खताची पोती नेते. पुढील विवेचन अशाच गाडीसाठी आहे, हौसेखातर सजवलेल्या गाडीसाठी नाही.

प्रथम इंजिन किती हवा ओढते ते पाहू. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांमागे एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा आत घेते. म्हणजे अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर चालत असेल, तर ते मिनिटाला ढोबळमानाने 2500 लिटर आणि तासाला 150 घनमीटर हवा खेचते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या पाच खोल्या दर तासाला रिकाम्या कराव्यात इतकी ही हवा झाली. टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब चढला की हा आकडा आणखी वाढतो. ही सगळी हवा एका कागदी घड्यांच्या भिंतीतून जाते आणि त्या भिंतीच्या अलीकडे आपल्याकडचा फुफाटा असतो.

हा फुफाटा एकाच जातीचा नाही. काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते, पण ती मुख्यतः चिकणमाती असल्यामुळे तुलनेने मऊ असते. खरा त्रास देतो तो मुरूम आणि खडीचा चुरा. आपला जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे आणि त्या काळ्या पाषाणातील खनिजे इंजिनातील ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. गाळप हंगामात ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्याची कड उखडतात, रुंदीकरणाच्या कामावर खडी पसरलेली असते आणि या दोन्हींच्या मागे मागे जाणारी पिकअप तोच चुरा ओढत असते. शहरात यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यांच्या परिसरात यात सुताच्या तुसाची भर पडते; हे तूस फिल्टरच्या पृष्ठभागावर नमद्यासारखे बसते आणि धूळ फारशी साठलेली नसतानाही हवा अडवते.

सिलिंडर आणि पिस्टनची रिंग यांच्यामधला ऑईलचा थर काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर सर्वाधिक झीज करणारे कण त्याहून कितीतरी लहान, म्हणजे पाच ते वीस मायक्रॉनच्या आसपासचे असतात. ते डोळ्यांना सुटे दिसत नाहीत. त्यामुळे जाळी उजेडात धरून "आरपार काही दिसत नाही, म्हणजे फिल्टर चांगला" असा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही; उलट ज्या फिल्टरमधून उजेडाचे ठिपके स्पष्ट दिसतात, तो मात्र निश्चितच नको.

आता कागद आणि कापड यांतील फरक पाहू. फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ 5011 नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरावीक प्रकारची धूळ फिल्टरवर सोडून तीन गोष्टी मोजतात: किती धूळ अडली, हवेला किती अडथळा झाला आणि चोक होईपर्यंत फिल्टरने एकूण किती धूळ पोटात घेतली. जाहिरातीत यांपैकी फक्त दुसरी गोष्ट मोठ्या अक्षरांत असते. पहिली गोष्ट टक्क्यांत सांगितली जाते आणि तिथेच गिऱ्हाईक फसते. समजा, एक फिल्टर 99.5 टक्के धूळ अडवतो आणि दुसरा 97 टक्के. ऐकायला फरक अडीच टक्क्यांचा वाटतो. परंतु इंजिनाला अडलेल्या धुळीशी काही देणेघेणे नसते, त्याला आत गेलेल्या धुळीशी असते. शंभर ग्रॅम धूळ आली, तर पहिल्यातून अर्धा ग्रॅम आत जाते आणि दुसऱ्यातून तीन ग्रॅम. म्हणजे झीज करणारा माल सहापट झाला. चांगला कागदी फिल्टर 99 टक्क्यांच्या बराच वर असतो. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर सर्वसाधारणपणे त्याच्या मागे राहतात, कारण हवा मोकळी जाऊ देण्यासाठी त्यांची छिद्रे मोठी ठेवावी लागतात आणि धूळ पकडण्याचे काम तेलाच्या चिकटपणावर सोपवावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, ओढ तर वाढते ना? डिझेल इंजिनात ती वाढण्याचे कारण फारसे नसते. डिझेल इंजिन बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त हवेवर चालते आणि शक्ती किती मिळेल हे किती डिझेल फवारले जाते यावर ठरते. नव्या, स्वच्छ कागदी फिल्टरचा अडथळा मुळातच इतका कमी असतो की तो आणखी कमी करून हाती काही लागत नाही. ॲव्हरेजचीही तीच गत. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली संगणक-नियंत्रित पेट्रोल गाड्यांवर केलेल्या चाचण्यांत चोक झालेल्या फिल्टरमुळेही इंधनखर्चात लक्षणीय वाढ आढळली नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. डिझेल गाडीत फिल्टर खरोखरच गच्च झाला तर काळा धूर येतो आणि चढाला गाडी दम टाकते, हे खरे. पण त्यावरचा उपाय नवा फिल्टर हा आहे, मोकळा फिल्टर नव्हे. बदलानंतर इंजिनाचा आवाज भारदस्त येतो, आणि कानांना जे जाणवते ते पायाखालच्या ॲक्सिलरेटरलाही जाणवले, असे माणसाला वाटू लागते.

उघड्या शंकूसारख्या फिल्टरबद्दल तर दोन वाक्येही पुष्कळ झाली. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. मे महिन्याच्या दुपारी बाहेर 42 अंश असताना बॉनेटखाली सहज 65-70 अंश असू शकतात आणि हवा साधारण तीन अंशांनी तापली की तिची घनता एका टक्क्याने घटते, म्हणजे मोकळ्या फिल्टरने जे मिळवायचे ते उष्णतेने आधीच गमावलेले असते. शिवाय जाळीवरचे जादा तेल हवेबरोबर पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तप्त तारेवर बसले, तर सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 प्रदूषण-नियमांनंतरच्या गाड्यांत धुराच्या यंत्रणेचा बराचसा हिशोब अशा सेन्सरांवरच अवलंबून असल्यामुळे हे दुखणे फिल्टरपुरते राहत नाही.

जुन्या ट्रॅक्टरांवरचा ऑईल बाथ एअर क्लीनर, म्हणजे वाटीतल्या ऑईलमध्ये धूळ पकडणारा फिल्टर, मात्र मला अजूनही आदरणीय वाटतो. वाटीतले ऑईल बदलले, जाळी डिझेलमध्ये धुतली की काम झाले; बाजारातून काही आणावे लागत नाही. परंतु त्याची पकड हवेच्या वेगावर अवलंबून असते, मंद फेऱ्यांवर ती घटते आणि कागदाच्या तोडीला तो पोहोचत नाही. आधुनिक इंजिनावर तो बसवण्याचा खटाटोप करू नये.

आता आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या दुखण्याकडे, म्हणजे "हवा मारण्या"कडे वळतो. पंक्चरच्या दुकानात टायरसाठी जी हवा असते, तिचा दाब शंभर पीएसआयच्या (दर चौरस इंचावर शंभर पौंडांच्या) पुढे असतो. तीच नळी फिल्टरच्या घडीला टेकवून फर्रकन फिरवली जाते, समोर धुळीचा ढग उठतो आणि मालकाला समाधान वाटते. कागदी फिल्टर झटकायचाच असेल, तर दाब तीसेक पीएसआयच्या आत, नळी घडीपासून लांब आणि हवा आतून बाहेर, एवढी पथ्ये पाळावी लागतात. अनेक कंपन्या तर झटकण्यालाच मनाई करतात. जोराच्या हवेने कागदाला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. अशी हवा मारलेला एक फिल्टर मी अंधाऱ्या खोलीत नेऊन त्याच्या आत बल्ब धरून पाहिला आहे: घड्यांच्या वळणावर, जिथे कागद दुमडलेला असतो, तिथे ओळीने बारीक ठिपके चमकत होते आणि त्या घड्यांच्या आतल्या बाजूला करड्या धुळीच्या रेघा उमटल्या होत्या. फिल्टर जमिनीवर आपटण्यानेही असेच नुकसान होते. त्यात पत्र्याची किंवा रबराची कड वाकडी होते आणि मग तो डब्यात नीट बसत नाही.

होटगी रस्त्यावरच्या आमच्या फिटर मामांचे याबाबतचे म्हणणे मला पटते. ते म्हणतात, "मालक, फिल्टर सारखा उघडून बघू नका. बघण्याच्या नादात जेवढी धूळ आत पडते, तेवढी महिनाभर गाडी हाणून जात नाही." यामागे शास्त्रही आहे. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळण्याचे काम करू लागतो. त्यामुळे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा अधिक धूळ अडवतो. काळा दिसतो म्हणून फिल्टर बदलणे हे पैसे वाया घालवणे आहे. बदलण्याची वेळ डोळ्यांनी न ठरवता अडथळा मोजून ठरवावी. डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर बसणारा छोटा इंडिकेटर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. अडथळा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्यात लाल पट्टी वर येते. अवजड डिझेल इंजिनांसाठी ही मर्यादा बहुधा पाण्याच्या 25 इंच स्तंभाइतकी धरतात. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतून घ्यावा. पिकअपवर करण्याजोग्या सर्व बदलांत मी या इंडिकेटरला पहिला क्रमांक देईन.

दुसरा बदल हवेच्या तोंडाचा. चाकाच्या मडगार्डाजवळ किंवा जाळीच्या खालच्या भागात हवेचे तोंड असेल, तर ते स्वतःच्याच चाकांनी उडवलेली धूळ ओढते. जमिनीपासून जितके वर जावे तितकी धूळ विरळ आणि जड कण कमी. त्यामुळे केबिनच्या खांबालगत वर नेलेला स्नॉर्केल (हवा घेणारी उंच नळी) आपल्याकडे पाण्यापेक्षा धुळीसाठी अधिक उपयोगी ठरतो. त्याच्या डोक्यावर हवा फिरवून जड कण बाहेर फेकणारा प्री-क्लीनर बसवला, तर कागदी फिल्टरपर्यंत धूळ पोहोचण्याआधीच तिचा मोठा हिस्सा गळतो आणि फिल्टरचे आयुष्य वाढते. नळी मूळ नळीपेक्षा अरुंद नसावी, वळणे कमीत कमी असावीत आणि प्रत्येक सांधा हवाबंद असावा. असा बदल करण्याआधी वॉरंटीची कागदपत्रे वाचावीत आणि मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचे भान ठेवावे, कारण उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदलांवर त्यात निर्बंध आहेत. काही जण तोंडावर जुन्या टॉवेलचा तुकडा तारेने बांधतात. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही हे मान्य, पण तो पावसात भिजला की हवेची वाट बंद होते आणि धागा सुटला तर तो आत जातो. हा उपाय करू नये.

तिसरी गोष्ट बदल म्हणावी अशी नाही, पण सर्वांत जास्त इंजिने तिच्यामुळेच वाचतात. फिल्टर कितीही उत्तम असला, तरी फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला होज (रबरी नळी) तडकलेला किंवा त्याची क्लिप ढिली असेल, तर तिथून न गाळलेली हवा सरळ आत जाते. फिल्टर काढल्यावर डब्याच्या स्वच्छ बाजूला ओल्या कापडात गुंडाळलेले बोट फिरवावे. करडी धूळ आली तर कुठेतरी गळती आहेच. रबरी कडेवर सगळीकडे सारखा दाबल्याचा ठसा उमटलेला दिसला पाहिजे; ठसा मध्येच तुटला असेल, तर धूळ तिथून गेली. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या, तर ती गळती जुनी आहे असे समजावे. डब्याच्या तळाला धूळ झटकणारी रबरी झडप असल्यास ती चिरलेली नाही ना, हेही पाहावे. दुहेरी फिल्टरच्या डब्यात आतला फिल्टर धुवायचा नसतो, झटकायचाही नसतो. बाहेरचा दोन-तीनदा बदलला की आतला सरळ नवा घालावा.

खरेदी करताना खोके पाहून विश्वास ठेवू नये, कारण नकली मालाची खोकी अस्सलपेक्षा चकचकीत असतात. घड्यांमधले अंतर समान आहे का, घड्या बोटाने दाबल्यावर एकमेकींना चिकटतात का, रबर नखाने दाबल्यावर परत उठते का, हे दुकानातच पाहावे. घड्या विरळ असतील तर कागद कमी, म्हणजे धूळ पेलण्याची ताकदही कमी. जुना फिल्टर सोबत नेऊन उंची आणि कडेची जाडी ताडून घ्यावी; दोन मिलिमीटरची तफावतही झाकण बंद झाल्यावर दिसत नाही.

मी स्वतः गाळप हंगाम सुरू होण्याआधी सगळ्या क्लिपा आवळून घेतो, उन्हाळा संपताना होज तपासतो आणि फिल्टर मात्र लाल पट्टी वर आल्याशिवाय बाहेर काढत नाही. नवा बसवला की तारीख आणि किलोमीटर मार्करने डब्याच्या झाकणावर लिहितो आणि शेजारीच "हवा मारू नये" असेही लिहून ठेवतो, कारण गाडी दर वेळी माझ्याच हातून सर्व्हिसिंगला जाते असे नाही.