कच्छी टाका: पाया जमला, आता कोपरा

काल रात्री भरतकामातल्या कच्छी टाक्याची पहिली वीतभर पट्टी शेवटपर्यंत गुंफून झाली. आधीच्या तीन उसवल्या. तिन्ही वेळा दोष पायात, म्हणजे गुंफणीआधी घालायच्या टाक्यांत होता आणि मी गुंफणीत शोधत होते, म्हणून पायाबद्दलच जास्त लिहिते.

साखळी, काज, गाठीचा टाका, बुलियन हे सगळं हातात बसलंय. कच्छी तेवढा राहिला होता. फोंड्याच्या आत्याकडे या टाक्याने भरलेले उशांचे अभ्रे लहानपणापासून बघतेय. यंदा चवथीला चौरंगावर अंथरायला स्वतः भरलेलं वस्त्र हवं, असं आषाढ लागतानाच ठरवलं. मूळ हा कच्छ-सिंधकडच्या बायकांचा टाका. आर्मेनियन लोकांच्या मराश भरतकामातही गुंफणीचा असाच टाका असतो.

दिसते वेणी, पण काम दोन टप्प्यांचं. आधी दुहेरी मच्छी टाक्याचा (हेरिंगबोन, म्हणजे तिरक्या धाग्यांच्या फुल्यांची ओळ) पाया घालायचा. मग दुसरा धागा त्या पायातून ओवत न्यायचा. हा धागा सुरुवातीला कापडातून वर येतो, शेवटी खाली जातो, मधे कापडाला शिवतसुद्धा नाही. वरच्या अर्ध्या भागातून टोकापर्यंत जायचं, शेवटच्या फुलीला वळसा घालायचा आणि खालच्या अर्ध्यातून परत यायचं.

आता पाया. साध्या मच्छी टाक्यात नवा धागा जुन्याच्या वरून पडतो आणि हाताला तीच सवय असते. इथे वर जाणारा प्रत्येक टाका घालताना सुई आधीच्या धाग्याखालून सरकवावी लागते. दुसरी ओळही पहिलीत अशीच वर-खाली अडकवत न्यायची. एक जागा चुकली तरी पाया बघून कळत नाही, फुल्या तशाच दिसतात. गुंफायला घेतलं की नेमक्या त्या जागी धाग्याला धरायला काही उरत नाही आणि वेढा मोकळा पडतो. आत्याला फोन केला तर म्हणाली, "अगो, दोन ओळी दोन रंगांत घाल, मग चूक आपोआप दिसेल." पहिली पिवळी, दुसरी हिरवी घातली. आठव्या फुलीवरची चूक गुंफायच्या आधीच सापडली!

कापड लाल-पांढऱ्या चौकडीचं, कुणबी साडीचं घेतलंय. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांसमोर आणली ती हीच साडी. रेघा आखायची गरजच पडली नाही: दोन चौकड्यांची उंची, एका चौकड्याचं अंतर. हातमागाचे चौकडे किंचित कमी-जास्त असतात, पण गुंफण चढली की तो फरक पोटात जातो. मला तर हे कापड या टाक्यासाठीच विणल्यासारखं वाटतं.

धाग्याचं म्हणाल तर सहापदरी लडीतले तीन पदर पायाला ठीक. गुंफायला ते वापरले तर पदर सुटे होतात आणि सुई त्यांच्यातूनच घुसते. आठ नंबरचा पर्ल (पदर सुटे न होणारा पिळाचा धागा) आणि बोथट टोकाची सुई घेतल्यापासून हा त्रास नाही. मधे जोड दिला तर दिसतो, त्यामुळे धागा एकदम लांब घ्या. वीतभर पट्टीला सव्वा मीटर कमी पडला. दोन मीटर घेतला तेव्हा पुरला.

आणखी एक, पावसाळ्यापुरतं. सुई कापडात टोचून ठेवू नका. आमच्या डिचोलीत सध्या घरातल्या भिंतीसुद्धा ओल्या आहेत. दोनच दिवसांत सुईखाली गंजाचा तपकिरी डाग पडला. लिंबू-मीठ चोळून फिकट झाला, गेला नाही. त्याच्यावर आता एक आरसा लावणार आहे.

चार बाजूंच्या चार पट्ट्या करायच्या आहेत. कोपऱ्यात पाया न तोडता वळवायचा म्हणते, पण तिथे वरून-खालूनचा क्रम उलटतो की तसाच राहतो, ते कागदावर काढूनही सुटत नाहीये. कोणी केलं असेल तर फक्त कोपऱ्यातल्या तीन फुल्यांचा क्रम सांगा. तोवर दुसरी बाजू भरायला घेते.