कॅप्टनची परीक्षा

(माजी विद्यार्थी, दहावी १९८९)

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी सबस्टेशनवर होतो. शाळेचा अमृतमहोत्सव आहे, दोन पानं लिहून द्या, आणि जमलं तर चांगला नेता कसा असावा यावर लिहा, म्हणजे मुलांना उपयोगी पडेल, असं सांगण्यात आलं. पूर्ण ऐकायच्या आधीच मी हो म्हणून बसलो होतो. आता लिहायला घेतल्यावर लक्षात येतंय की या विषयावर लिहायचं म्हणजे मला सरांवरच लिहावं लागणार, आणि सरांवर सुरू झालो की बाकी सगळं राहून जाणार. गणिताच्या बाई, हेडसर, प्रयोगशाळेतले मामा, सगळ्यांनी मोठ्या मनानं माफ करावं.

सरांचं नाव लिहीत नाही, गरजही नाही. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, खिशात फक्कीनं पांढरा झालेला रुमाल. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांसमोर येत नाही. पीटी आणि भूगोल असे दोन विषय त्यांच्याकडे होते. भूगोल त्यांनी आम्हाला कधी शिकवला ते कुणालाच आठवत नाही, तरी सगळे पास व्हायचे.

खो-खोचं मैदान तेव्हा जुन्या कौलारू इमारतीच्या मागे होतं. एक खांब पिंपळाकडे, दुसरा विहिरीकडे. शाळा सुटली की विहिरीतनं बादल्या काढून पाणी मारायचं, रोलर ओढायचा, मग दोरी लावून फक्की. हे झाल्याशिवाय शिट्टी वाजायची नाही. कॅप्टनलाही बादली चुकायची नाही.

आताच्या मुलांना खो-खो मोबाइलवर बघायला मिळतो, म्हणून जुन्या खेळातली एक गोष्ट सांगून ठेवतो. आठ जण मध्यपाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या पट्ट्यावर, एकाआड एक दिशेला तोंड करून बसायचे, नववा पाठलाग करायचा. त्यानं एकदा दिशा धरली की खांब गाठल्याशिवाय मागे फिरायचं नाही, मध्यपाटी ओलांडायची नाही. पळणारा गडी पलीकडच्या बाजूला गेला की बसलेल्याला पाठीमागून हात लावून मोठ्यानं 'खो' द्यायचा आणि तो उठला की त्याच्याच चौकोनात आपण बसायचं. या शेवटच्या गोष्टीवर सरांचा फार कटाक्ष. खो देऊन दोन पावलं बघत उभा राहणारा गडी दिसला की शिट्टी वाजायची. "बस की लेका खाली! त्याची जागा कोण सांभाळणार, तुझा आजा?"

आम्ही नववीत होतो, १९८७ साल. जुने गडी दहावी होऊन गेले आणि कॅप्टन निवडायची वेळ आली. आमच्यात एक पोरगा वाऱ्यासारखा पळायचा. साखळी पळतीत दोन गड्यांच्या मधून असा निसटायचा की समोरच्या संघाचे मास्तरसुद्धा टाळ्या वाजवायचे. तोच कॅप्टन होणार हे सगळ्या शाळेनं धरून ठेवलं होतं. त्यानं आईकडून टोपीवर 'सी' अक्षर शिवूनही घेतलं होतं.

सरांनी त्या दिवशी मैदानावर पाणी मारायला सांगितलं नाही. आम्हाला आठवी ब च्या वर्गात बसवलं, प्रत्येकाला वहीचं एक पान दिलं आणि फळ्यावर प्रश्न लिहिले. तुझ्या शेजारच्या चौकोनात कोण बसतो? तो कोणत्या बाजूला चटकन वळतो? सूर मारून पडल्यावर कोणत्या हातावर उठतो? सकाळी काय खाऊन येतो? कोणाला घरी लवकर जायचं असतं आणि का? खाली लिहिलं होतं, 'असं सगळ्यांबद्दल लिही. येत नसेल तिथं रेघ ओढ.'

आम्ही हसलो. वेगवान गड्यानं पाच मिनिटांत पान दिलं. त्यावर चार-पाच ओळी होत्या आणि रेघा भरपूर. माझंही तसंच. मी तर एकाचं नाव आणि 'तो डावखुरा आहे' एवढं लिहून थांबलो, कारण बाकी काही सुचेना. एकच पोरगा लिहीतच राहिला. अभ्यासात बेताचा, पळण्यातही बेताचा, संघात आठवा-नववा. त्यानं पान उलटलं, मागची बाजू भरली आणि आणखी एक पान मागितलं. त्याला 'ऱ्हस्व-दीर्घ' आयुष्यात जमलं नाही, त्यामुळे ते वाचायला सरांना वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला एकट्याला स्टाफरूमच्या व्हरांड्यात बोलावलं. हातात तीच पानं होती. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे खरं आहे का?"

त्यानं माझ्याबद्दल लिहिलं होतं: 'याला उजव्या कानाने कमी ऐकू येते. तो सांगत नाही. याला खो देताना डावीकडे तोंड करून ओरडावे लागते. मी तसाच देतो.'

माझा कान लहानपणी वाहायचा. उजव्या बाजूनं आवाज बोळ्यातून आल्यासारखा यायचा. संघातनं काढतील या भीतीनं मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलं नव्हतं. आणि हा पोरगा वर्षभर माझ्या पाठीशी येऊन, मान वाकडी करून, डाव्या कानाशी 'खो' म्हणत होता. त्यानं मला कधी विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. सरांनी प्रश्न लिहिला म्हणून उत्तर लिहिलं.

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला वर्षभर कळलं नाही आणि त्याला कळलं." येत्या रविवारी तयार राहा म्हणाले आणि रविवारी एसटीनं मला मिरजेला घेऊन गेले, स्वतःच्या पैशानं. मिरजेचे दवाखाने आपल्या भागाला नवे नाहीत. कानाच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पुढं शस्त्रक्रियाही झाली. आज मला दोन्ही कानांनी व्यवस्थित ऐकू येतं, याचं श्रेय डॉक्टरांइतकंच वहीच्या त्या पानाला आहे.

कॅप्टन तोच झाला हे सांगायला नकोच. (त्यानं नाव छापू नको म्हणून बजावलंय. गावातल्या जुन्या लोकांना कळेल.) वेगवान गडी रुसला आणि यायचा बंद झाला. आम्ही सरांना म्हटलं, त्याला बोलवा, नाहीतर जिल्ह्याला हरू. सर कॅप्टनकडे बघून म्हणाले, "ते ह्याचं काम. मी पगार घेतो, पण कॅप्टन हा आहे." कॅप्टन संध्याकाळी त्याच्या गोठ्यात जाऊन बसला. खेळाचं अवाक्षर काढलं नाही, वैरण टाकू लागला. तिसऱ्या संध्याकाळी दोघं मिळून मैदानावर आले. टोपी मात्र पुन्हा दिसली नाही.

सांगलीला जिल्ह्याचा सामना झाला. संरक्षणाला गडी तीन-तीनच्या तुकडीनं उतरतात आणि त्यांचा क्रम आधी गुणलेखकाकडे द्यावा लागतो, एकदा दिला की दिला. बहुतेक संघ सगळ्यात चांगला पळणारा पहिल्या तुकडीत घालतात, वेळ खायला. आमच्या कॅप्टननं त्याला दुसऱ्या तुकडीत टाकलं. आपल्या संस्थेचे एक सभासद दोरीबाहेर उभे होते, ते भडकलेच. सरांकडे येऊन म्हणाले, "मास्तर, ही यादी कुणी केली? पोरांचा खेळ आहे काय हा?" सर भुईमुगाच्या शेंगा फोडत खाली बसलेले. म्हणाले, "पोरांचाच आहे. कॅप्टनला विचारा, तो सांगेल."

आणि त्या धोतर-टोपीतल्या माणसाला पंधरा वर्षांच्या पोरानं उभ्या-उभ्या सांगितलं, "दादा, तो पहिला उतरला की त्याचे पाय कापतात. समोरचे कसे पळतात हे बाहेरनं एकदा बघितलं की मग त्याला कोण धरू शकत नाही." दादा ऐकून घेऊन परत दोरीपाशी गेले. मला आजही वाटतं, त्या दिवशी सरांनी जर 'यादी मी केली' म्हणून आपल्या अंगावर घेतलं असतं तर ते मोठेपणाचं दिसलं असतं, पण पोराच्या हातातली गोष्ट त्यांनी काढून घेतल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या तुकडीत वेगवान गडी खरोखर हाताला लागला नाही. तरी सामना आम्ही एका गुणानं हरलो. सर म्हणाले, समोरचे चांगले खेळले, आणि स्टँडवर सगळ्यांना भडंग घेऊन दिलं. यावर भाषण नाही, काही नाही.

मी पुढे डिप्लोमा करून वीज मंडळात लागलो. मंडळाची २००५ साली वेगवेगळ्या कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हापासून महावितरणमध्ये आहे. आज माझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत, त्यात जुने लाइनमन आहेत तशी नवी पोरंही. आमच्या कामात ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, लाइनवर चढायचं तर परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घ्यावं लागतं. लाइन बंद झाली याची खात्री करायची, अर्थिंग करायचं, म्हणजे तारा जमिनीला जोडायच्या, मगच माणूस पोलवर जातो. काम संपल्यावर ज्याच्या नावावर परमिट आहे त्यानंच ते परत करायचं, आणि त्याआधी प्रत्येक माणूस खाली उतरलाय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. यात फोनवर विचारून चालत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात पोल आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. कोरोनाचे दिवस असूनही ठिकठिकाणची पथकं तिकडे गेली, त्यात आमचंही होतं. वाडीत गाडी शिरत नव्हती, पोल खांद्यावर नेऊन उभे केले. निघायच्या आदल्या रात्री मी एक कागद घेतला आणि सरांची परीक्षा स्वतःच देऊन बघितली. कोणाला साखर आहे? जेवणानंतर कोणाला पोलवर चढवायचं नाही? कोणाच्या घरी बाळंतीण आहे? कोण न समजताही 'हो साहेब' म्हणतो? हा शेवटचा प्रश्न मी घातलेला आहे. आमच्या धंद्यात 'हो साहेब'वाला माणूस सगळ्यात आधी ओळखून ठेवावा लागतो. येत नव्हतं तिथं रेघ ओढली आणि सकाळी गाडीत त्या-त्या माणसाशेजारी जाऊन बसलो. सगळी माणसं धडधाकट परत आली. त्या कामाबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली, तेव्हा मला कुणाची आठवण आली हे सांगायला नको.

मध्यंतरी आम्हाला एका मोठ्या हॉटेलात नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर पिरॅमिड आणि बाण दाखवले, दोरी ओढायला लावली, जेवण उत्तम होतं. शेजारी बसलेल्याच्या गुडघ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं, मुलांनी ५४-३६ नं. दोन्ही कॅप्टन, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. मी आणि आमचा कॅप्टन, दोघांनी आपापल्या घरी सामना बघितला आणि मध्ये-मध्ये फोन केले. मॅटवरचा खेळ फार वेगवान झालाय, गुण मोजायची रीतही बदलली आहे. त्यात 'वजीर' म्हणून एक आक्रमक असतो, त्याला कुठल्याही दिशेला पळायची मुभा. मी म्हटलं, सरांना हे रुचलं नसतं. कॅप्टन म्हणाला, "उलट सर म्हणाले असते, वजीर कुणाला करायचा ते ज्याला कळतं त्याला कॅप्टन करा." पस्तीस-चाळीस वर्षांनीही तो माझ्यापेक्षा सरांना जास्त ओळखतो. सर गेले त्याला आता बराच काळ लोटला, पण आमच्या दोघांच्या बोलण्यात ते वर्तमानकाळातच असतात.

गेल्या दिवाळीत शाळेत येऊन गेलो. नव्या इमारतीत विद्यार्थी मंत्रिमंडळाचा फ्लेक्स लागला होता. पट्टे, बिल्ले, टाय, फोटो छान आलेत. निवड कशी करता, असं एका तरुण शिक्षकांना सहज विचारलं, तर टक्केवारीवर म्हणाले. टक्केवारी वाईट नाही, पण आमचा कॅप्टन त्यात कुठेच बसला नसता. आज तो विकास सोसायटीचा सचिव आहे आणि कोणत्या सभासदाचं कोणतं कर्ज कशापायी थकलं हे वही न उघडता सांगतो.

विहिरीकडचा खांब होता तिथं आता सभागृहाच्या पायऱ्या आल्या आहेत. सभागृह हवंच होतं, त्याची पावती मीही फाडली आहे. पण मुलं खो-खो खेळतात कुठं, असं विचारल्यावर जागा नाही असं उत्तर मिळालं. मी टेप घेऊनच आलो होतो. मैदानाला २७ बाय १६ मीटर लागतात. पिंपळाच्या बाजूनं मोजलं तर तेवढी जागा निघते, फक्त सायकल स्टँड कंपाउंडला लावून घ्यावा लागेल. त्याच्या पत्र्याचा आणि अँगलचा खर्च आमचा कॅप्टन करणार आहे, त्यानं हिशोबसुद्धा काढून ठेवलाय. मुरूम आणि दोन खांब माझ्याकडे लागले. संस्थेनं येत्या बैठकीत तेवढा ठराव घ्यावा, म्हणजे पावसाळ्याआधी रोलर फिरवता येईल.