गुडघा वाचेल का?

नोव्हेंबरात स्कॉटलंडमधल्या डंडीला चारच्या सुमारासच अंधारून येतं. आमची तपासणीची खोली मात्र मुद्दाम उबदार ठेवतो, कारण गारठलेली कातडी खोटं बोलते. बाहेरून आलेल्या पेशंटला मी आधी नुसतं पडून राहायला सांगते.

परवाचे आजोबा सत्तरी ओलांडलेले, तरुणपणी ज्यूट मिलमध्ये कामाला होते. जुना मधुमेह, डाव्या पायाची बोटं काळी पडलेली. पाय जाणार हे त्यांना ठाऊक होतं. कुठून, एवढंच ठरायचं होतं. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालताना दमछाक कितीतरी कमी होते. पण तिथवर पुरेसं रक्त येत नसेल तर टाके उसवतात, जखम चिघळते आणि पेशंट पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर.

घोट्याचं प्रेशर घ्या की, असं शिकताना मलाही वाटायचं. पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्यानं दबत नाहीत, आणि आकडा उगाच चांगला येतो. शिवाय जखम भरायची असते कातडीची. मुख्य जलवाहिनीत पाणी आहे, पण टोकाच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावर चढतंय का? पुण्यात उन्हाळा काढलेल्यांना हे समजावायला नको.

म्हणून गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर चिकट कडं लावायचं, त्यात द्रवाचे दोन थेंब, वर ४४ अंशांपर्यंत तापणारा छोटा सेन्सर. एक सेन्सर छातीवर, तुलनेसाठी. उष्णतेनं केशवाहिन्या फुलतात आणि कातडीतून झिरपणारा ऑक्सिजन मोजला जातो. म्हणजे काटेकोर बोलायचं तर रक्त नव्हे, रक्तानं काय आणून पोचवलं ते आम्ही मोजतो. आकडा स्थिरावायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, हलायचं नाही.

आजोबा बोललेच. "थंड आहेत गं तुझे हात, हेन." इथे बायकांना प्रेमानं 'हेन' म्हणतात, पहिल्या वर्षी मला वाटायचं, हा माणूस मला कोंबडी का म्हणतोय!

कातडीचं असं मोजमाप डंडीला नवं नाही. १९७०च्या दशकात कोपनहेगनमध्ये होल्स्टाइन आणि लासेन यांनी कातडीत किरणोत्सारी द्रव टोचून, वरून किती दाब दिला की तो वाहून जायचा थांबतो ते पाहिलं. दाब ३० मिलिमीटरच्या वर असलेल्यांच्या जखमा बहुतेक भरल्या, २०च्या खालच्यांच्या बहुतेक नाही. १९८०च्या दशकात डंडीत स्पेन्स, मॅकॉलम आणि जॉर्ज मर्डॉक यांच्या गटानं त्याला उष्णताचित्रांची जोड दिली. मी वानवडीची, १९४४ पासूनच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरवरून शाळेत जायचे. पाय बसवणं तिथे पाहिलं, पाय कुठून कापायचा याचा विचार मात्र इथे आल्यावर पहिल्यांदा केला.

आजोबांचा ऑक्सिजनचा आकडा आला ३४. चाळीसच्या वर असता तर निर्धास्त, विसाच्या खाली असता तर गुडघ्याचा नाद सोडायचा. मधल्या आकड्यांची मला चीड येते. मास्क लावून ऑक्सिजन दिला, तशी रेघ हळूहळू चढत साठीपार गेली. मी दोन्ही आकडे लिहिले, निर्णय सर्जनचा. यंत्राला ना पेशंटची जिद्द कळते, ना त्याच्या घराचे जिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले. सेन्सरचं लाल वर्तुळ अजून पुसट दिसत होतं. सर्जननं पेनानं मारलेली रेघ त्याच्या दोन बोटं खाली होती.